लॉगचा पाया

सावद्याच्या जुन्या बसस्टँडवर, जिथे पूर्वी उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं तिथे, २०३६ साली वयवेध केंद्र आलं आणि वर्षभरात गावातली निम्मी घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली.

यंत्र दिसायला इस्त्रीएवढं. हाताने लिहिलेल्या कागदावर ते ठेवायचं, दहा मिनिटं थांबायचं, आणि ती शाई कागदावर कोणत्या साली उतरली ते पडद्यावर यायचं. सरकारने ते आणलं जुने दस्त तपासायला. पण लोक दस्तांवर थांबतात होय? कुणी आजोबांचं मृत्युपत्र आणलं, कुणी बायकोला माहेरून आलेली पत्रं. चिनावलच्या एका सासूने सुनेची जन्मपत्रिकाच आणली. ती निघाली लग्नाच्याच वर्षी लिहिलेली, म्हणजे मंगळ काढून नव्याने मांडलेली. लग्नाला वीस वर्षं झाली होती, दोन मुलं कॉलेजात होती, तरी सासूने सुनेच्या हातचं पाणी सोडलं.

यंत्र चालवायला रेश्मा तडवी होती. चाळिशीची, हसरी, तोंडाने फटकळ. तिची आई पूर्वी इंदुमतीबाई भारंब्यांची विद्यार्थिनी होती, म्हणून रेश्माही त्यांना मॅडमच म्हणायची. इंदुमतीबाईंनी गावातल्या ज्युनियर कॉलेजात पस्तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली होती. आता त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या, आणि त्यांच्यावाचून सावद्याचं केंद्र चालत नव्हतं. त्याला कारण पुंडलिकाची शाई.

यंत्रामागचं शास्त्र इंदुमतीबाईंनी रेश्माला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. शाईतल्या रंगाचे रेणू हळूहळू मोडत जातात. पण दरवर्षी सारखे मोडत नाहीत. दरवर्षी, उरलेल्यांपैकी ठरावीक हिस्सा मोडतो. जितके कमी उरले तितके कमी मोडतात. यंत्र मोजतं ते एवढंच, की शंभरातले किती शाबूत आहेत. मग पंचाईत अशी, की आपल्याला हवी असतात ती वर्षं, आणि ती समीकरणात घातांक होऊन अंकाच्या खांद्यावर चढून बसलेली असतात. बेरीज-वजाबाकी कितीही करा, ती खाली येत नाहीत. माळ्यावरचं भांडं काढायला जशी शिडी लागते, तशी इथे एकच शिडी: दोन्ही बाजूंचा लॉग घ्यायचा. लॉग घेतला की घातांक निमूटपणे खाली उतरतो आणि साध्या गुणाकारात उभा राहतो. मग त्या शाईचा मोडण्याचा वेग, म्हणजे तिचा नियतांक, ठाऊक असला की उरतो एक भागाकार.

मोठमोठ्या कंपन्यांच्या शायांचे नियतांक यंत्रात भरलेले होते. पण सावदा आणि आसपासची दहा-बारा गावं कित्येक वर्षं पुंडलिकाच्या शाईने लिहीत आली होती. पुंडलिक आपल्या ओसरीवर पूड कालवून निळीकाळी शाई करायचा आणि सुटी विकायचा; शाळेच्या पोरांनी दौत नेली की काठोकाठ भरून द्यायचा. त्याच्यामागे त्याच्या मुलाने २०१८ पर्यंत तो धंदा चालवला. या शाईपुढे यंत्र हात टेकायचं. नुसती टक्केवारी दाखवायचं आणि खाली लिहायचं, ‘नियतांक उपलब्ध नाही’.

तो नियतांक साऱ्या जगात एकाच माणसाकडे होता. इंदुमतीबाईंच्या कपाटात, पिवळ्या पडलेल्या एका कागदावर.

त्याची गोष्ट सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी पुंडलिकाने भारंबे सरांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, सहज विचारलं होतं की माझी शाई किती वर्षं टिकेल. मधुकर भारंबे त्याच कॉलेजात गणित शिकवत. त्यांनी प्रश्न मनावर घेतला. दर दिवाळीच्या सुट्टीत इंदुमतीबाई लॅबमध्ये शाईच्या पट्ट्यांचे रंग मोजायच्या आणि सर त्यांचा आलेख काढायचे. अशी पंधरा वर्षं. इतर जोडपी सुट्टीत महाबळेश्वरला जायची. यांनी पट्ट्या मोजल्या. त्या मोजमापांची वही पुढे लॅबच्या रद्दीत गेली, पण सरांनी शेवटी एका कागदावर निष्कर्ष लिहून ठेवला होता. वर मथळा: ‘इंदूच्या शाईसाठी’. खाली एकच ओळ, वर्षं बरोबर गुणोत्तराचा लॉग भागिले के, आणि के म्हणजे ०.०२३१.

दोघांचं आयुष्यभराचं भांडण होतं ते या लॉगवरूनच. कॉलेजच्या लांब व्हरांड्याच्या एका टोकाला इंदुमतीबाईंची लॅब, दुसऱ्या टोकाला सरांचा वर्ग. लॅबमध्ये लॉग म्हटला की तो दहाच्या पायाचा, कारण लॉगची पुस्तकं दहाच्या पायाची. त्यांच्या वर्गात लॉग म्हटला की तो ‘ई’च्या पायाचा, कारण निसर्गातली वाढ आणि घट त्याच अंकाच्या चालीने चालते, आणि गणितवाल्यांना दुसरा पाया सांगण्याचीसुद्धा गरज वाटत नाही. घंटा झाली की पोरं व्हरांड्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जायची आणि तेवढ्या चालण्यात शब्द तोच राहून त्याचा अर्थ बदलायचा. एकाचा लॉग दुसऱ्याच्या लॉगमध्ये न्यायचा तर दोन पूर्णांक तीनशे तीनने गुणावं लागतं. केमिस्ट्रीच्या प्रत्येक सूत्रात तो अंक पहाऱ्याला बसलेला. सर म्हणायचे, माझा लॉग तुझ्या लॅबमध्ये शिरताना जकात भरतो, आणि तुला त्याची लाज वाटत नाही.

म्हणून त्या कागदावर दोन पूर्णांक तीनशे तीन नाही हे पाहिलं तेव्हा इंदुमतीबाईंचे डोळे भरून आले होते. सर जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्यांना वाटलं, या माणसाने जकात आधीच भरून टाकली. इंदूची शाई म्हणून इंदूच्या लॉगने सूत्र मांडलं. म्हटलं नाही कधी, पण केलं.

मंगळवारी आणि शुक्रवारी त्या केंद्रात येऊन बसत. पुढ्यात जुनं लॉगचं पुस्तक, पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. रेश्मा टक्केवारी सांगायची आणि त्या पुस्तकात बोट फिरवायच्या. ‘बार एक’, ‘बार दोन’ असं पुटपुटत वजाबाकी करायच्या, अँटिलॉग काढायच्या आणि साल सांगायच्या. जमलेली माणसं श्वास रोखून पाहायची. कॅल्क्युलेटर दाबून उत्तर काढणाऱ्यावर लोक संशय घेतात. पुस्तक उघडून काढणाऱ्यावर घेत नाहीत. चिनावलची पत्रिकाही त्यांनीच सोडवली होती.

एक गोष्ट मात्र होती, आणि तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. पुंडलिकाच्या शाईचा प्रत्येक कागद सांगितलेल्या सालापेक्षा अलीकडचा निघायचा. दोन वर्षांत एकही कागद खरा निघाला नाही. याचं कुणालाच नवल वाटलं नाही, कारण जो कागद घेऊन यायचा त्याच्या मनात संशय आधीपासून असायचाच.

मग २०३८च्या फेब्रुवारीत त्यांचा स्वतःचा कागद निघाला.

सरांची पुस्तकं वाचनालयाला द्यायची म्हणून त्या एकेका पुस्तकाचं खाकी कव्हर काढत होत्या. कलनशास्त्राच्या एका जाड पुस्तकाच्या कव्हरात घडी घातलेलं पत्र होतं. निळीकाळी, विटलेली शाई. अक्षर पाहताच त्यांनी ओळखलं. सरोजिनी कोल्हे. त्यांची सरू.

पत्रावर तारीख नव्हती. मजकूर पाच ओळींचा होता. ‘सर, तुम्ही म्हणता ते आता होणे नाही. जे होतं ते आपल्या दोघांत राहू द्या. इंदूला कधी कळू देऊ नका, ती मनाने सरळ आहे. तिला जपा. यापुढे माझ्याकडे एकटे येऊ नका.’

सरू म्हणजे त्यांची जळगावच्या होस्टेलमधली मैत्रीण. एका खोलीत चार वर्षं काढलेली. सावद्याचं हे स्थळ तिनेच आणलं होतं. आमच्या गावात गणिताचे एक नवे सर आलेत, तुला शोभतील, म्हणून इंदूच्या वडिलांना पत्र तिनेच घातलं होतं. १९७९च्या मे महिन्यातल्या लग्नात पंगतीत वाढायलाही तीच पुढे. पुढे दोघी एकाच गावात नांदल्या, साठ वर्षं. तिचे यजमान, पाटबंधारे खात्यातले कोल्हेसाहेब, २०११च्या दिवाळीत गेले. मुलगा हेमंत तेव्हा पुण्यात होता. पेन्शनचे कागद, दाखले, अर्ज, सगळ्याचा घोळ. इंदुमतीबाईंनीच सरांना रोज संध्याकाळी तिच्याकडे पाठवलं होतं. वर्षभर.

त्यांनी पत्र केंद्रात नेलं. मजकुरावर हात ठेवून रेश्माला म्हणाल्या, नुसती टक्केवारी सांग. पडद्यावर पंचवीस आलं. शंभरातले पंचवीस, म्हणजे गुणोत्तर चार. चारचा लॉग ०.६०२१, तो पाठच होता. भागिले ०.०२३१. त्यांनी तरी पुस्तक उघडलं, एकेक पायरी मांडली. सव्वीस.

सव्वीस वर्षांपूर्वी म्हणजे २०१२.

त्या दिवशी त्यांनी कुणाचंच साल काढलं नाही. पाठकोरा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि सरळ कोल्ह्यांच्या घरी गेल्या.

सरोजिनीबाई मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर भाजलेली भरताची वांगी सोलत बसल्या होत्या. काळ्या बोटांनी चष्मा सावरत त्यांनी पत्र वाचलं आणि चक्क हसल्या. म्हणाल्या, माय, हे जपून ठेवलं होतं त्यांनी? आणि मग वांगी सोलता सोलता सांगून टाकलं. लग्नाच्या आधीचं आहे, अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीच्या सुमाराचं. सर तेव्हा आमच्या आळीत भाड्याने राहायचे. आवडलो होतो एकमेकांना. पण माझ्या वडिलांनी कोल्ह्यांकडे सुपारी फोडलेली. सर म्हणत होते, मी येऊन बोलतो वडिलांशी. मी नाही म्हटलं. तुझं नाव मीच सुचवलं त्यांना. तुला सांगितलं नाही, कारण सांगून काय व्हायचं होतं?

इंदुमतीबाईंनी पाठकोरा कागद वांग्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

“हे काय?”

“सव्वीस.”

“काय सव्वीस?”

“वर्षं. तुझ्या पत्राला सव्वीस वर्षं झाली आहेत, सरू. साठ नाही. तेव्हा मी त्यांना रोज तुझ्याकडे पाठवत होते.”

सरोजिनीबाईंना आकड्यांची जन्मजात भीती. मराठी शिकवण्यात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं, पण बसचं वेळापत्रकसुद्धा त्या इंदूला विचारून मगच खरं मानायच्या. त्यांनी कागदावरच्या ओळी वरून खाली वाचल्या, पुन्हा खालून वर वाचल्या. मग हळूच म्हणाल्या की असं कसं होईल, मला तर अठ्ठ्याहत्तरच आठवतं. इंदुमतीबाई म्हणाल्या, माणूस त्याला हवं ते आठवतो. शाईला काही नको असतं.

त्यानंतर आठ महिने त्या कोल्ह्यांच्या दारात गेल्या नाहीत. दोनदा हेमंतचा फोन आला, उचलला नाही. सरांच्या फोटोला हार घालायचा सोडला. फोटो काढून मात्र ठेवला नाही, कारण तो हसरा चेहरा समोर असला की रोज नव्याने राग यायचा आणि रागाने दिवस सरायचा. सकाळी उठून त्या २०१२ सालचा एकेक दिवस आठवत. त्या वर्षी सरांनी आपल्यासाठी काय आणलं होतं. कोणत्या दिवशी उशिरा आले होते. साध्यासुध्या प्रत्येक गोष्टीच्या पाठीमागे आता दुसरी गोष्ट उभी दिसायची.

ऑक्टोबरमध्ये एका शुक्रवारी रेश्मा हसतच सामोरी आली. तिच्या आईची अकरावीची प्रॅक्टिकलची जर्नल माळ्यावर सापडली होती. प्रत्येक पानावर मॅडमची सही, पुंडलिकाच्या शाईत, आणि सहीखाली तारीख. रेश्माने गंमत म्हणून एक सही यंत्राखाली धरली होती. साडेएकतीस टक्के. तारीख होती १२ ऑक्टोबर १९८८. पन्नास वर्षं पुरी.

गंमत म्हणूनच इंदुमतीबाईंनी पुस्तक उघडलं. तीन पूर्णांक एकशे पंच्याहत्तरचा लॉग ०.५०१७. भागाकार एकवीस पूर्णांक सात.

रेश्मा खांद्यावरून पाहत होती. “म्हणजे दोन हजार सोळा. म्हणजे माझी आई सेहेचाळिसाव्या वर्षी अकरावीला होती, मॅडम? आणि तुम्ही रिटायर होऊन दोन वर्षांनी सह्या करत होतात?”

इंदुमतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी भागाकार पुन्हा केला. तोच आला. मग त्यांनी पर्समधून सरांचा कागद काढला. ‘लॉग’ हा शब्द सरांच्या हातचा होता, त्यांच्या त्या तिरक्या, घाईच्या अक्षरातला. पाया लिहिलेला नव्हता. त्यांनी जन्मात कधी लॉगचा पाया लिहिला नव्हता. आपल्या वर्गात लिहीत नसत, घरातल्या कागदावर कशाला लिहितील? हा माणूस व्हरांडा ओलांडून कधीच आला नव्हता. जकात त्यांनी भरलीच नव्हती, कारण जकात लागते हेच त्यांना मान्य नव्हतं. तो त्यांचा लॉग होता. ई-च्या पायाचा. आपण त्यात आपला घातला, आणि वर त्याला प्रेम समजलो.

त्यांनी एकवीस पूर्णांक सातला दोन पूर्णांक तीनशे तीनने गुणलं. पन्नास.

मग सव्वीसला. साठ.

साठ काढायला तर पुस्तकाचीसुद्धा गरज नव्हती. ही शाई दर तीस वर्षांनी निम्मी होते. निम्म्याची निम्मी म्हणजे पाव, तीस आणि तीस. मोजमापांची वही असती तर नववीतल्या मुलीने तोंडी सांगितलं असतं.

पस्तीस वर्षं त्यांनी प्रत्येक तुकडीला पहिल्या प्रॅक्टिकलला एकच गोष्ट बजावली होती: आधी स्टँडर्ड रीडिंग घ्या. ज्याचं उत्तर ठाऊक आहे असा नमुना आधी तपासा, मगच अनोळखी नमुन्याला हात लावा. न घेणाऱ्याचे दोन मार्क कापायच्या. त्यांच्या स्वतःच्या कपाटात तारखा घातलेले, त्याच शाईचे गठ्ठेच्या गठ्ठे पडले होते. एकही तपासावासा वाटला नव्हता.

रेश्माने रजिस्टर काढलं. मॅडमनी साल काढून दिलेले कागद एकशे चौदा. चिनावलचा चौतिसावा. ती सून जूनपासून माहेरी होती. रेश्माचा आवाज उतरला. प्रत्येकाला पत्र पाठवावं लागेल, ती म्हणाली, मी मजकूर तयार करते. इंदुमतीबाई म्हणाल्या की चिनावलला मी स्वतः जाईन. पण आधी एका घरी जाऊन येते.

कोल्ह्यांचं घर बदललेलं वाटलं. हेमंतने केळीच्या रोपांची नर्सरी मागच्या अंगणापर्यंत वाढवली होती. जिथे वांगी भाजायची तिथे आता प्लास्टिकच्या तांबड्या ट्रेमध्ये बोटभर रोपं उभी होती. सरोजिनीबाई पुढच्या खोलीत पलंगावर होत्या. खूप वाळल्या होत्या. पलंगासमोरच्या भिंतीवर एक रिकामा खिळा होता आणि त्याखाली रंग न उडालेला चौकोन. इंदुमतीबाईंची नजर तिकडे गेलेली पाहून त्या म्हणाल्या, हेमंतने नेला. वडिलांचा फोटो त्याने स्वतःच्या खोलीत नेला.

मग त्यांनी सगळं सांगितलं, न विचारता. पहिले दोन महिने मी आठवायचा प्रयत्न करत होते. काही आठवेना. पण तुझं गणित चुकायचं नाही, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. आणि मग एक दिवस आठवलं. पेन्शनचा शेवटचा अर्ज लिहून झाला होता. सरांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, सरोज, तेव्हा नाही म्हणालीस, आता? अंगात त्यांच्या तो बदामी स्वेटर होता. खिडकीतून सायलीचा वास येत होता. मी हो म्हटलं, इंदू. थोडे दिवस. मग मलाच सोसेना आणि मी ते पत्र लिहिलं. सगळं लख्ख आठवलं मला. मी हेमंतलाही सांगितलं, पोटात ठेवून मरायचं नव्हतं. तेव्हापासून तो कामापुरतं बोलतो.

बदामी स्वेटर. तो इंदुमतीबाईंनी विणला होता, टाळेबंदीच्या वर्षी, २०२० साली, घरात बसून बसून. २०१२मध्ये त्याची लोकरसुद्धा नव्हती.

त्यांनी सरूचा हात हातात घेतला. लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं. सरांचा लॉग वेगळा, माझा वेगळा. मी चुकले. पत्राला साठ वर्षं झाली आहेत. तू म्हणालीस तेच खरं होतं, अठ्ठ्याहत्तर. २०१२मध्ये काही झालं नाही. तुला मी जे आठवायला लावलं ते घडलंच नव्हतं, सरू. तो स्वेटरसुद्धा तेव्हा नव्हता.

सरोजिनीबाई उशीवरून थोड्या वर सरकल्या.

“मग मला जे आठवतं, ते कुणाचं?”

“कुणाचंच नाही.”

“तुझी माफी नको मला,” सरोजिनीबाई म्हणाल्या. त्यांनी हात सोडवून घेतला नाही, उलट घट्ट धरला. “ऐक. बाविसाव्या वर्षी मी त्यांना तुझ्या हवाली केलं. तुझ्या पंगतीत जिलबी वाढली. कोल्ह्यांचा संसार नीट केला, कुणाला शब्दाने कळू दिलं नाही. माझ्याकडे काहीच नव्हतं. या उन्हाळ्यात तेवढं मिळालं. खोटं असेल. पण मला त्यांचा आवाज ऐकू येतो त्यात. ते राहू दे माझ्याकडे. हेमंतला काही सांगू नकोस. तो काय, बोलेल कधीतरी.”

 इंदुमतीबाईंच्या दुसऱ्या हातात सुधारलेला कागद होता, दोन्ही पायऱ्या मांडलेला, खाली दोन रेघा ओढलेला.

एवढ्यात हेमंत नर्सरीतून आत आला. छप्पन्न वर्षांचा माणूस, हातांना माती, चेहऱ्यावर कित्येक महिन्यांचा थकवा. त्याने आईकडे पाहिलं नाही. मावशीच्या हातातला कागद पाहिला, आणि तिथेच उंबऱ्यापाशी थबकला.

“काही निघालं का, मावशी?”

सरोजिनीबाईंची बोटं त्यांच्या मनगटावर रुतली. इंदुमतीबाईंना ती चांगली जाणवली. फळ्यावर चुकीचं उत्तर राहू दिलं तर पोरं तेच उतरवून घेतात, हे त्यांनी जन्मभर पाळलेलं तत्त्व, आणि त्या स्वतःला सांगत होत्या की आपण बोलतो आहोत ते त्याच तत्त्वापायी. पोराच्या मनातला काटा निघावा म्हणून. सरूच्या नावावरचा डाग जावा म्हणून. हे सगळं खरं होतं. पण तोंड उघडता उघडता त्यांना हेही कळलं, की आपण आपला नवरा परत घेऊन चाललो आहोत.

“साठ,” त्या म्हणाल्या. “माझं चुकलं होतं. तुझ्या आई-बाबांच्या लग्नाआधीचं पत्र आहे ते. नंतर काही नाही. तुझी आई म्हणते तेसुद्धा नाही. तिला माझ्या आकड्याने तसं वाटलं.”

मनगटावरची बोटं सुटली. हेमंत तसाच मातीच्या हातांनी आला आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून मोठ्या माणसाला एरवी रडता येत नाही तसं रडू लागला. आई, मी किती वाईट वागलो, असं काहीतरी म्हणत राहिला. सरोजिनीबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. पायही काढून घेतले नाहीत. हात होता तिथेच, पलंगाच्या कडेवर राहिला.

थोड्या वेळाने तो उठला, तोंड धुऊन आला, आणि आपल्या खोलीतून कोल्हेसाहेबांचा फोटो घेऊन आला. बाहीने काच पुसली. रिकाम्या खिळ्यावर तो अडकवला, एक पाऊल मागे सरकून पाहिलं, उजवा कोपरा किंचित वर केला.

“सरळ आहे ना, आई?”

सरोजिनीबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं.

“आहे,” त्या म्हणाल्या.